भाचा ६ फूट ४ इंच, बास्केटबॉल सुरू करून चार महिने झालेत, सेंटरला आधी काय शिकवायचं?

शाहूपुरीचा_मामा (सातारा)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो कारण अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवटच मिळतो. माझा भाचा मूळ माण तालुक्यातला, दहावी झाली आणि अकरावीला साताऱ्यात माझ्याकडं राहायला आला. वय १६, उंची ६ फूट ४ इंच आणि अजून वाढतोय, जूनमध्ये शिवलेली पँट दिवाळीत घोट्याच्या वर आली. गावाकडं कबड्डी खेळायचा, आणि त्याचे आजोबा म्हणजे आमचे वडील तालमीतले, त्यामुळं जोर-बैठका लहानपणापासून अंगात. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी उंची बघितली आणि थेट बास्केटबॉलच्या ग्राउंडवर नेऊन सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, म्हणून उभा केला. त्याआधी त्यानं हा बॉल हातात पण धरलेला नव्हता.

मी स्वतः कधी खेळलो नाही, पण दुकान बंद केलं की रोज संध्याकाळी तासभर ग्राउंडवर जाऊन बसतो, त्यामुळं आता थोडं कळायला लागलंय. पोरगं मेहनतीला कमी नाही पण मॅचमध्ये काहीच जमत नाही. गेल्या महिन्यात एका मॅचला दुसऱ्या क्वार्टरमध्येच चार फाउल झाले, मग पुढं बराच वेळ बाकावर. रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा उडालेला बॉल, सगळ्यांच्या डोक्यावरून काढतो आणि बॉल कमरेपर्यंत खाली आणला रे आणला की साडेपाच फुटाचं पोरगं येऊन हिसकावून नेतं. पास मिळाला तर घाईत बॉल न आपटताच पाय हलतो, ट्रॅव्हलिंग, बॉल समोरच्यांना. शेवटी शेवटी तर टीममधल्या पोरांनी त्याला पास द्यायचंच बंद केलं. बघायला आलेल्यांतलं कोणीतरी मागून म्हणालं, नुसता उंच आहे. ते त्यानं ऐकलं. घरी येऊन धड जेवला नाही, रात्री अकराला मी गच्चीवर गेलो तर अंधारात एकटाच, हातात बॉल, डावा पाय एका फरशीवर रोवलेला आणि उजवा पाय चारी बाजूंनी फिरवत होता. मला बघून म्हणाला, मामा, डावा पाय हलतोय का तेवढं बघा ना. मी अर्धा तास बघत बसलो.

आता विचारायचं असं की एवढ्या सगळ्यातलं आधी काय धरायचं? सर म्हणतात रिंगखाली उभा राहा, बाकी काही करू नको. हा मोबाईलवर अमेरिकेत खेळणाऱ्या वेम्बान्यामाचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो तो ७ फूट ४ इंचाचा असून थ्री पॉइंट मारतो, मग मी का नको. त्यात महिनाभर गुडघ्याच्या वाटीच्या खाली दुखतंय म्हणतो, आणि जिमला पाठवू का नको तेही कळत नाही, घरातले म्हणतात वजन उचललं की उंची खुंटते. ज्यांना माहीत आहे त्यांनी मोकळेपणानं सांगा.

विश्रामबाग_१३ (सांगली)

मामा, मी सांगलीत दहा-बारा वर्षं सेंटर खेळलो, आता सकाळी पोरांना शिकवतो, आणि तुम्ही जे लिहिलंय ते वाचताना मला माझं पहिलं वर्ष दिसलं. पहिली गोष्ट, वर्षात तीन-चार इंच वाढलेल्या पोराला आपले हातपाय कुठं संपतात हेच अजून पक्कं माहीत नसतं. त्याला आळशी किंवा बावळट समजू नका, शरीर नवीन आहे त्याचं.

आधी पाय. बाकी सगळं त्याच्या नंतर. जॉर्ज मायकन म्हणून अमेरिकेत ६ फूट १० इंचाचा खेळाडू होता, जाड भिंगाचा चष्मा, चालणं अवघडलेलं, लोक म्हणायचे हा कसला खेळतोय. १९४२ ला कॉलेजात रे मेयर नावाचा कोच मिळाला आणि त्यानं त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, नाचाच्या शिकवणीला पण घातलं, कशासाठी तर पाय हलके व्हावेत म्हणून. पुढं हाच माणूस इतका भारी झाला की त्याला रिंगपासून लांब ठेवायला एनबीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगनं, १९५१ मध्ये रिंगखालचा पट्टा ६ फुटाचा १२ फूट केला. त्याच्या नावाचा ड्रिल आजही जगभर सेंटरला पहिला शिकवतात. रिंगच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, डाव्या पायावर उडी, उजव्या हातानं बोर्डला लावून बास्केट. बॉल जाळीतून पडतो तो जमिनीला टेकू द्यायचा नाही, हनुवटीच्या वरच धरायचा, आणि तसाच डावीकडं जाऊन उजव्या पायावर उडी, डाव्या हातानं बास्केट. परत उजवीकडं. न थांबता. सुरुवातीला वीस झाले तरी पोरगं हाफतं, खांदे भरून येतात. रोज शंभर होईपर्यंत वाढवत न्या, घाई नको. यातच त्याचा डावा हात तयार होतो, पावलं बसतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉल वर ठेवायची सवय लागते.

ती बॉल हिसकावला जाण्याची अडचण आहे ना, ती तिथंच सुटते. उंच पोरानं बॉल कमरेला आणला की आपली सगळी उंची त्यानं स्वतःच टाकून दिली, आता तो त्या साडेपाच फुटाच्या पोराच्या बरोबरीचा झाला. रिबाउंड धरला की बॉल हनुवटीखाली दोन्ही हातांत आवळून, कोपरं बाहेर काढून उभं राहायचं. कोपरं फिरवायची मात्र नाहीत, कोणाला लागलं तर फाउल. आणि लगेच ड्रिबल करायची नाही, ही सवय फार वाईट, रिंगखाली सेंटरनं बॉल आपटला की तो गेलाच समजा. मी पोरांना सांगतो, उतरलास की एक श्वास घे, मान वळवून बाहेरच्या बाजूला आपला गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारा, कुठाय बघ, मग पास. आणि पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ तिकडं पाठ करून उभं असताना, पास मिळाला असेल तर बॉल वरच ठेवून सरळ वर जा.

दुसरं बॉक्स आउट. इथं तुमच्या वडिलांचा उपयोग होईल, खरंच सांगतो. शॉट सुटला की नवशिकं पोरगं बॉलकडं बघत रिंगखाली पळतं. करायचं उलटं, आधी आपला माणूस शोधायचा, त्याच्या छातीला आपली पाठ लावायची, गुडघे वाकवून कंबर खाली, पाय रुंद, दोन्ही हात वर उघडे, आणि त्याला मागं रेटून ठेवत मग बॉल बघायचा. तालमीत पवित्रा घेताना जसं वजन खाली घेतात अगदी तसंच, जो उंच उभा राहील तो ढकलला जाईल मग तो कितीही उंच असो. आपल्या भागात हे कळायला अवघड जाऊ नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीला कांस्य आणलं, अंगानं मोठे नव्हतेच ते. आजोबांना म्हणा, नातवाला मागून रेटा आणि सांगा कुठं हलतोय.

आणि रिबाउंड म्हणजे उडी असंही नाही. डेनिस रॉडमन ६ फूट ७ इंच, त्या लीगमध्ये सेंटरपुढं बुटकाच, तरी १९९२ ते १९९८ सलग सात वर्षं रिबाउंडमध्ये पहिला. तो प्रॅक्टिसला सोबत्यांना शॉट मारायला लावायचा आणि नुसता बघत उभा राहायचा, कोणाचा बॉल कसा फिरतो, रिंगला लागून कुठं उडतो. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला तर बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो, लांबून मारलेला लांब उडतो. भाच्याला सांगा दहा मिनिटं नुसतं उभं राहून आपल्या टीममधल्या प्रत्येकाचे शॉट बघ. आठवड्याभरात तो उडी मारायच्या आधीच योग्य जागी पोचलेला दिसेल.

फाउलबद्दल वेगळं लिहितो, आता क्लासची वेळ झाली.

कराडचा_गार्ड

मी सेंटर नाही, पॉइंट गार्ड खेळतो, पण टीममधली पोरं पास का देत नाहीत ते मी सांगू शकतो कारण मी पण अशाच एका नवीन उंच पोराला पास द्यायचं बंद केलेलं. रागानं नाही हो. गार्डला भरवसा लागतो. पोरगं रिंगखाली उभं आहे पण हात खाली, नजर जमिनीवर, डिफेंडर पुढं आलाय आणि हा मागं तसाच, मग पास टाकायचा कुठं? ज्या दिवशी त्यानं पंजा उघडून दाखवला की इथं दे, त्या दिवसापासून मी द्यायला लागलो. डिफेंडर डाव्या अंगाला असेल तर उजवा हात लांब करून दाखवायचा, पाठीनं त्याला तिकडंच अडवून धरायचं आणि पास यायला लागला की बॉलकडं एक पाऊल पुढं यायचं, वाट बघत उभं राहायचं नाही. पास कापला जातो तो ते एक पाऊल न टाकल्यामुळंच.

दुसरं म्हणजे स्क्रीन. गार्डच्या मनात सेंटरची जागा स्क्रीननं तयार होते, बास्केटनं नाही. भाचा कबड्डीचा आहे म्हणजे धक्क्याला घाबरत नसणार. त्याला सांगा माझ्या डिफेंडरच्या वाटेत येऊन पाय रुंद करून दगडासारखा उभा राहा, हात छातीशी, मी जवळून जाईपर्यंत हलायचं नाही, हलला की त्याच्यावर फाउल. मी पुढं गेलो की लगेच वळून रिंगकडं पळ, हात वर ठेवून. यात ड्रिबल नाही, अवघड शॉट नाही, चार महिन्यांच्या पोराला जमतं आणि मॅचमध्ये दोन-चार सोप्या बास्केट सहज मिळतात. आमच्या त्या पोराला मी मग मॅचमध्ये स्वतःहून बोलवायला लागलो, ये ये स्क्रीन लाव म्हणून.

आणि बोलायला शिकवा त्याला. डिफेन्समध्ये सेंटर सगळ्यात मागं असतो, त्याला सगळं दिसतं, आम्हाला मागचं दिसत नाही. उजवीकडून स्क्रीन येतोय, एवढं जरी ओरडला तरी आमचं निम्मं काम होतं. गावाकडची पोरं नवीन ठिकाणी बुजतात, आवाज निघत नाही, हे मी बघितलंय. घरी मोठ्यानं बोलायची सवय लावा हवं तर.

कृष्णाकाठची_फिजिओ (सांगली)

मामा, गुडघ्याचं वाचलं आणि थांबले. बाकी खेळातलं मला कळत नाही पण ह्या वयाची वाढत्या अंगाची पोरं माझ्याकडं रोज येतात. बोटानं नेमकी जागा दाखवायला सांगा. वाटीच्या दोन-तीन बोटं खाली, नडगीच्या हाडाला जिथं फुगवटा लागतो, तिथं दाबलं की कळ येत असेल तर बहुतेक वेळा ते वाढीच्या वयातलं दुखणं असतं, ऑसगुड श्लॅटर म्हणतात त्याला. हाडं भराभर लांब होतात, मांडीचा स्नायू त्या मानानं आखडलेला राहतो आणि प्रत्येक उडीला तो त्या कोवळ्या जागेला ओढतो. वाटीच्या अगदी खालच्या टोकाला दुखत असेल तर ते शिरेचं दुखणं, ते उड्या मारणाऱ्यांना कुठल्याही वयात होतं. दोन्हींत घाबरण्यासारखं नाही पण दुखत असताना दात-ओठ खाऊन खेळत राहणं मात्र नको.

माझ्या ऐकण्यात एक गोष्ट फार येते, "सरांनी सांगितलं दुखणं अंगावर काढ". सरांचं वाईट हेतूनं नसतं पण त्यानं आठवड्याचं दुखणं वर्षभर चालतं. ग्राउंड सिमेंटचं आहे का? मग उड्या मोजा. एक दिवस उड्यांचा सराव, दुसऱ्या दिवशी पायांची ठेवण, पास, फ्री थ्रो असं कमी उड्यांचं. खेळून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं कापडात गुंडाळून बर्फ. मांडीचा पुढचा भाग, मागचा भाग आणि पोटरी, तिन्ही रोज ताणायचे. बैठका काही दिवस अर्ध्याच. आणि एकदा प्रत्यक्ष हाडांच्या डॉक्टरला किंवा फिजिओला दाखवा, मी इथून बघितल्याशिवाय नक्की काय ते सांगू शकत नाही. सूज असेल, गुडघा अडकत असेल, लंगडत असेल किंवा रात्री झोपेतून दुखून जाग येत असेल तर आजच जा.

वजन उचलून उंची खुंटते हे खरं नाही. नीट शिकवणारा माणूस समोर असेल, हलक्यापासून सुरुवात केली, तर ह्या वयात ताकदीचा व्यायाम चालतो, उलट दुखापती कमी होतात. आमच्या सांगलीचा संकेत सरगर, २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये ५५ किलो गटात वेटलिफ्टिंगचं रौप्य आणलं, वजन उचलून घडलेलं पोर आहे ते. फक्त मित्राबरोबर जिमला जाऊन पहिल्याच दिवशी जड वजन हा प्रकार नको. अंगात जोर-बैठका आहेत म्हणजे पाया चांगला आहे.

खाणं पण बघा. एवढं वाढणारं अंग आणि वर दोन तास खेळ, दोन वेळच्या जेवणावर भागत नाही. प्रॅक्टिसला जायच्या आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर दूध आणि अंडी खात असेल तर अंडी, नाहीतर उसळ-भाकरी पोटभर. आणि रात्री अकराला गच्चीवर नको हो. झोपेत वाढतं अंग.

विश्रामबाग_१३ (सांगली)

ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. मी वर रोज शंभर मायकन लिहिलं ते गुडघा बरा झाल्यावर धरा मामा, तोवर उडी न मारता टाचा उचलून तेवढाच ड्रिल करता येतो.

आता फाउल. चार फाउल कसे झाले असतील ते मी न बघता सांगतो. समोरच्यानं शॉट मारला की ह्याला वाटलं आपण उंच आहोत, हाणून पाडू, आणि हात वरून खाली आला. रेफरीला तो हात लांबून दिसतो. नियम असा की खेळाडू उभा आहे त्याच्या वरची सगळी जागा त्याची, म्हणजे दोन्ही हात सरळ वर करून जागेवरच उडी मारली आणि समोरचा येऊन धडकला तर तुमचा फाउल नाही. हात जरा जरी पुढं झुकला की तुमचा. म्हणून त्याला पहिले दोन महिने ब्लॉक करायलाच बंदी घाला. हात कानाला चिकटवून वर, छातीनं अडवायचं, बस. ६ फूट ४ चा पोरगा हात वर करून समोर उभा असला की समोरच्याला शॉट उंच मारावा लागतो आणि तो आपोआप चुकतो. आपले नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेचे, त्यात डिफेन्सला तीन सेकंदाची अट नाही, एनबीएत आहे. म्हणजे आपल्या रिंगखाली तो हवा तितका वेळ उभा राहू शकतो, पळत सुटायची गरजच नाही. पाच फाउलला बाहेर जावं लागतं हे त्याला माहीत असेलच, पण दुसरा फाउल पहिल्या क्वार्टरमध्ये झाला की पुढची पंधरा मिनिटं हात मागं ठेवायचे हे शिकवावं लागतं.

अटॅकमध्ये मात्र तीन सेकंद आहेत, समोरच्यांच्या रिंगखालच्या पट्ट्यात त्याहून जास्त उभं राहिलं की बॉल गेला. सर रिंगखाली उभा राहा म्हणतात ते बरोबर आहे पण पोरं त्याचा अर्थ खांबासारखं उभं राहणं असा घेतात. पट्ट्याच्या कडेला एक पाय बाहेर ठेवून उभं राहायचं, बॉल ह्या बाजूनं त्या बाजूला गेला की आपण पण आतून पलीकडं जायचं.

आणि कबड्डीचं वाया जाणार नाही. चढाईला गेल्यावर खांद्यानं एकीकडं दाखवून पाय दुसरीकडं टाकतो ना तो? तोच ड्रॉप स्टेप. पाठीमागचा डिफेंडर कुठल्या खांद्याला जास्त टेकलाय ते पाठीनं ओळखायचं, डाव्या खांद्यावर भार असेल तर उजवीकडचा पाय त्याच्या पायामागं टाकून वळायचं आणि सरळ रिंगकडं. हकीम ओलाजुवान नायजेरियाचा, पंधरा वर्षांचा होईपर्यंत फुटबॉलमध्ये गोलकीपर, हँडबॉल पण खेळायचा, त्यानंतर बास्केटबॉल धरला, आणि पायांची चलाखी त्या आधीच्या खेळांतूनच आली असं तो स्वतः सांगतो. १९९४ आणि १९९५ ला टीमला चॅम्पियन केलं आणि ३,८३० ब्लॉक, एनबीएत आजही सगळ्यात जास्त. एनबीएतलाच टिम डंकन पण तसाच, आधी पोहायचा, १९८९ च्या वादळात त्यांच्या बेटावरचा तलाव मोडला आणि मग हा खेळ. १६ व्या वर्षी सुरू केलं म्हणजे उशीर झाला असं भाच्याच्या डोक्यात असेल तर काढून टाका.

थ्री पॉइंट ह्या सीझनला नको. रिंगपासून हातभर अंतरावरून एका हातानं, मनगट मोडून, बोर्डच्या चौकोनाला लावून. दहातले सात जायला लागले की एक पाऊल मागं. असं करत करत फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत या. सेंटरला मार जास्त खावा लागतो म्हणजे फ्री थ्रो जास्त मिळतात, ते सोडून देणं मला बघवत नाही.

मिरजेची_फॉरवर्ड

१३ दादा, तुमचं पायांचं, बॉक्स आउटचं सगळं पटलं पण शेवटच्या मुद्द्यावर मी थोडी वेगळी आहे आणि ते माझ्या अनुभवावरून सांगतेय. मी ५ फूट १० आहे, शाळेपासून जिल्ह्यात सगळ्यात उंच, म्हणून सातवीपासून मला सेंटर करून टाकलं. पाच वर्षं रिंगकडं पाठ करून खेळले, ड्रिबल करायला लागले की कोच ओरडायचे, बॉल गार्डला दे. जिल्ह्यात आम्ही जिंकायचो, त्यामुळं कोणाला काही वाटलं नाही. मग राज्याच्या निवडीला गेले आणि तिथं माझ्या उंचीच्या मुली गार्ड खेळत होत्या. मला म्हणाले फॉरवर्डला, म्हणजे सेंटर आणि गार्डच्या मधल्या जागी, खेळून दाखव, आणि मला समोर तोंड करून दोन ड्रिबल टाकून आत जाताच येईना. तिथंच माझी निवड गेली. नंतर दोन वर्षं लागली ते शिकायला, अजूनही डाव्या हाताची ड्रिबल कच्चीच आहे.

मामा, ६ फूट ४ हा साताऱ्यात सेंटर आहे. नॅशनलला साडेसहा फुटाच्या वरची पोरं असतात, पंजाबची तर बघायलाच नको, २०१५ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडला गेलेला पहिला भारतीय सतनाम सिंग तिथलाच, ७ फूट २ इंच. तुमचा भाचा अजून वाढला तर चांगलंच, पण ६ फूट ५ ला थांबला तर पुढं त्याला फॉरवर्डच व्हावं लागणार, आणि ते आजपासून थोडं थोडं शिकला नाही तर माझं झालं तेच होईल. मॅचमध्ये सेंटर खेळू दे, सरांचं ऐकू दे, टीमला गरज आहे. पण प्रॅक्टिसमध्ये रोज पंधरा मिनिटं दोन्ही हातांनी ड्रिबल, मान वर ठेवून. फ्री थ्रोच्या रेषेजवळ बॉल घेऊन रिंगकडं तोंड करायचं आणि आत कापून येणाऱ्याला पास द्यायचा. थ्री पॉइंट दादा म्हणतात तसा नकोच आत्ता, पण पास आणि ड्रिबल थांबवू नका.

आणि व्हिडिओ बघायचेच असतील तर वेम्बान्यामाच्या आधी योकिच बघायला सांगा. सर्बियाचा, २०१४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडला गेला, उडी फारशी नाही, पळणं जलद नाही, तरी तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि २०२३ ला चॅम्पियन. त्याच्या बास्केट बघू नको म्हणावं, बॉल हातात यायच्या आधी तो मान कितीदा वळवतो ते मोज. मी आवाज बंद करून बघते आणि बॉलकडं न बघता फक्त सेंटरच्या पायांकडं बघते, एक खेळी झाली की मागं घेऊन परत.

विश्रामबाग_१३ (सांगली)

ताई, तुमचं बरोबर आहे. मी मॅचचा विचार करून लिहिलं, तुम्ही पोराचा विचार करून लिहिलंत. ड्रिबलची पंधरा मिनिटं मी पण माझ्या उंच पोरांना सुरू करतो ह्या सोमवारपासून. फक्त मामा, एका वेळी सगळं सांगू नका त्याला. ह्या महिन्यात दोनच गोष्टी, बॉल वर ठेवणं आणि डिफेन्सला हात सरळ. बाकीचं कागदावर लिहून ठेवा.

शाहूपुरीचा_मामा (सातारा)

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. सगळ्यांची उत्तरं भाच्याला वाचून दाखवली, नंतर त्यानं फोन घेऊन स्वतः परत वाचली. गुडघा दाखवला, ताई म्हणाल्या तेच निघालं, हाडाच्या फुगवट्याचं. दहा दिवस उड्या बंद होत्या, आता एक दिवसाआड. त्या दहा दिवसांत त्यानं टाचा उचलून मायकन आणि खुर्चीवर बसून डाव्या हाताची ड्रिबल एवढंच केलं. वडील गावाहून आलेले, त्यांना बॉक्स आउट काय ते समजावलं तर लगेच अंगणात उतरले, ७१ वर्षांचे आहेत, नातवाला मागून खांदा लावला आणि म्हणाले, टाच उचलतोयस, टाच टेकव, मग बघू कोण हलवतंय. खरंच हलला नाही मग तो.

परवा सरावाची मॅच होती. पूर्ण मॅचमध्ये दोनच फाउल. पॉइंट फक्त सहा केले पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक रिबाउंड काढला, खाली दोन पोरं टपून होती, ह्यानं बॉल हनुवटीशी धरला, कोपरं बाहेर, मान वळवली, आणि बाहेर उभ्या असलेल्या गार्डला सरळ पास दिला. त्या गार्डनं पळत जाऊन बास्केट केली आणि परत येताना ह्याच्या पाठीवर थाप मारली. घरी येताना पूर्ण रस्ता पोवई नाक्यापासून तेच सांगत होता.

आता एकच विचारायचं राहिलं. बुटांचा नंबर १२ लागतोय त्याला, साताऱ्यात मिळत नाही, आत्ता ११ चे घालतो आणि अंगठ्याचं नख काळं पडलंय. सांगली-कोल्हापूरकडं कुठं घालून बघून घेता येतील का?

कृष्णाकाठची_फिजिओ (सांगली)

११ चे आजपासून बंद करा मामा, अंगठा दुखला की पोरगं पाय वाकडा टाकतं आणि भार परत गुडघ्यावर येतो. संध्याकाळी प्रॅक्टिस झाल्यावर पाय थोडा फुगलेला असतो तेव्हाच माप घ्या, खेळायचे जाड मोजे घालून, पुढं अंगठाभर जागा पाहिजे.

कराडचा_गार्ड

मामा, आमच्या टीममधल्या त्या उंच पोराचा नंबर १२ च आहे, त्यानं कोल्हापुरातून घेतलेत. दुकान विचारून तुम्हाला मेसेज करतो. आणि भाच्याला सांगा कराडला मॅच ठेवू एकदा, आमचा सेंटर वाट बघतोय.